वीस टक्के ढग

२९ सप्टेंबर

आजपासून लिहिणार आहे, कारण बोलले तर ओरडेन, आणि मला ओरडायची सवय नाही. घरात माझं नाव ‘मौनीबाबा’. दादानं ठेवलेलं. पाहुण्यांसमोर म्हणायचा, “आमच्या मौनीबाबांचं आजचं प्रवचन संपलं, एकूण शब्द दोन.”

दादाला जाऊन तीन आठवडे झाले. आज चौकशी समितीचा कच्चा अहवाल आला. पाकीट वहिनीच्या नावावर होतं, पण तिनं उघडलंही नाही. फोन करून म्हणाली, “वन्सं, काहीतरी सरकारी आलंय, तुम्हीच बघा.”

उभ्या उभ्याच वाचला. दादा नेहमीप्रमाणे संध्याकाळी पाणथळीच्या कडेच्या ट्रॅकवर फिरायला गेला. त्याचे बूट ट्रॅकच्या कडेला सापडले. तो दुसऱ्या दिवशी, खूप आत, मोकळ्या पाण्यात सापडला. इथपर्यंत खरं आहे. पुढे लिहिलंय: “बूट सापडले ते ठिकाण नकाशानुसार जमीन असून पाणी तेथून बरेच दूर आहे. सबब मयत इसम स्वेच्छेने पाण्यापर्यंत चालत गेला असावा.”

स्वेच्छेने! स्वेच्छेनं दादानं आयुष्यात एक शर्ट घेतला नाही. घेतला तो वहिनीला विचारून.

खाली बारीक अक्षरात नकाशा कोणाचा ते दिलं आहे. आमच्या ऑफिसचा. तेवीस वर्षं मी तिथे बसते.

१ ऑक्टोबर

आमचं काम सांगायला सोपं आहे. उपग्रह ठरावीक दिवसांनी डोक्यावरून जातो आणि फोटो काढतो. तीस-पस्तीस वर्षांचे फोटो साठलेले आहेत. प्रत्येक फोटो बारीक चौकोनांचा. एकेका चौकोनाला विचारायचं, बाबा रे, तू आज पाणी की जमीन? सगळ्या उत्तरांची गोळाबेरीज केली की कायम पाणी कुठे, कधीमधी कुठे आणि कधीच नाही कुठे, ते कळतं. नकाशात गडद निळा, फिकट निळा, पांढरा.

बुटांची जागा, त्याला लागूनच्या काठासकट, पांढरी आहे. स्वच्छ पांढरी!

मी आणि दादा तिथेच वाढलो. ट्रॅक नव्हता तेव्हा तिथे नुसता काठ होता. पावसाळ्यात दादा त्या काठावरून चपटे दगड पाण्यावर उडवायचा. पाच-पाच उड्या मारायचा त्याचा दगड. माझा एकही उडाला नाही, बुडुक् करून जायचा. आणि आता नकाशा मला सांगतो, तिथे पाणी नाही. मग माझे दगड कुठे गेले?

कारण मला माहीत आहे. दोन कारणं. एक म्हणजे जलपर्णी. वर्षातले बरेच महिने ती काठाजवळ गच्च पसरलेली असते. उपग्रहाला वरून हिरवं दिसतं, म्हणून जमीन. माणसालाही तसंच दिसतं. दादालाही दिसलं असणार. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, हिरवळीवर अनवाणी चालत जा. म्हणूनच बूट काढलेले. हिरवळ समजून पाय टाकला आणि खाली गेला. इतकं सरळ आहे. यात स्वेच्छा कुठून आली?

दुसरं कारण वीस टक्क्यांचा नियम. ज्या फोटोत वीस टक्क्यांहून जास्त ढग, तो अख्खा फोटो बाद. म्हणजे सगळा पावसाळाच बाद. छत्री उघडायची वेळ आली की आमचा उपग्रह आंधळा. आणि पावसाच्या लोंढ्यानं जलपर्णी वाहून जाते, पाणी उघडं पडतं, ते नेमकं तेव्हाच.

हा नियम आमच्या साहेबांनी केला. ऑफिसात त्यांना सगळे ‘इस्त्री’ म्हणतात. शर्टाला चुणी पडेल म्हणून खुर्चीत टेकत नाहीत. कॉम्प्युटर मंद होते तेव्हा केलेला नियम. कॉम्प्युटर बदलले, खुर्च्या बदलल्या, नियम तसाच.

५ ऑक्टोबर

वहिनीकडे गेले. म्हटलं, हरकत नोंदवायची आहे, तुझी सही लागेल.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, “लिहू द्या ना त्यांना काय लिहायचंय ते.”

“स्वेच्छेने लिहिलंय वहिनी. कळतंय का तुला त्याचा अर्थ?”

“मला वाचता येतं.”

“मग?”

“मग काही नाही. तुम्ही जिंकाल हो वन्सं. तुम्ही हट्टाला पेटलात की जिंकताच. पुढे काय?”

इतका संताप आला की पर्स उचलून निघाले. दारात थांबले, कारण सही हवी होती. तिनं सही केली. पेन बंद करता करता म्हणाली, “शेवटच्या आठवड्यात ह्यांनी घरातले सगळे नळ दुरुस्त केले. मला वीजबिल फोनवरून कसं भरायचं ते शिकवलं. तीनदा करून घेतलं माझ्याकडून.”

“तेच तर म्हणतेय मी! जो माणूस नळ दुरुस्त करतो, तो असं काही करेल का?”

तिनं पेन माझ्या पर्समध्ये टाकलं. मग देठ गोळा करून कचऱ्यात टाकायला गेली. नवरा गेलाय आणि बाई अशी थंड! मी नुसती बहीण आहे, आणि धावतेय मी.

६ ऑक्टोबर

पोलीस चौकीतून दादाचे बूट आणले. वहिनी म्हणाली होती, तुमच्याकडेच ठेवा. मोजे आत. उजव्या बुटात चष्मा, रुमालात गुंडाळलेला. नाड्या सोडून व्यवस्थित आत खोचलेल्या.

दादानं जन्मात कधी नाड्या सोडल्या नाहीत. टाचेनं टाच दाबून बूट काढायचा. आई ओरडायची, टाचा चेपतात रे मेल्या. मी हवालदारांना विचारलं, नाड्या कोणी सोडल्या? म्हणाले, “आम्ही कशाला सोडू? होते तसेच उचललेत.” खोटं बोलतात. लोकांच्या वस्तूंना हात कसा लावावा याची रीत नाही. वर मलाच विचारतात, “हिरवळीवर चालायला चष्मा कशाला काढायचा हो बाई?” म्हटलं, दमट हवेत काचांवर वाफ धरते. चष्मा लावून बघा कधी.

१२ ऑक्टोबर

इस्त्रींकडे गेले. म्हटलं, पावसाळ्याचे बाद फोटो मला परत उघडायचे आहेत. अख्खा फोटो फेकायचा नाही. ढगाचे चौकोन झाकायचे, मधल्या फटीत जमीन दिसते तेवढे चौकोन मोजायचे.

ते म्हणाले, “पस्तीस वर्षांचे पावसाळे? एकट्या?”

“हो.”

“बाई, हे करून तुम्हाला काय मिळणार, याचा विचार केलाय?”

“नकाशा बरोबर होईल.”

“नकाशा होईल,” म्हणाले. मग कफ सारखा केला. “करा. पण समितीसमोर मी मांडणार. सही माझी. तुम्ही नात्यातल्या आहात.”

बघा! काम मी उपसायचं, आणि उभं हे राहणार. नकाशा चुकला तेव्हा कुठे होती सही?

समोरच्या टेबलावरची, जंगलं मोजणारी, दुपारी डबा खाताना म्हणाली, “अगं, इस्त्रींनी पंधरा वर्षांत पहिल्यांदा ‘करा’ म्हटलं असेल कोणाला. पेढे वाट.” मला हसू आलं नाही.

२३ ऑक्टोबर

डोळे भाजतात. ढग झाकायचं काम यंत्र करतं, पण ढगाच्या सावलीला ते पाणी समजतं. काळं दिसलं की पाणी. म्हणून प्रत्येक फोटो हातानं तपासावा लागतो: ढग कुठे, सूर्य कुठल्या बाजूला, सावली कुठे पडणार. सावली वगळली तरच उरलेलं पाणी खरं.

आणि ते आहे! प्रत्येक वर्षी आहे. बुटांची जागा पावसाळ्यात उघडी, निळी. मी लहान होते त्या वर्षांचे फोटो नाहीत, पण त्यानंतरचं प्रत्येक वर्ष साक्ष देतंय. जिथे त्यांनी ट्रॅक घातला आणि कठडा घातला नाही, कारण “नकाशात जमीन आहे”, तिथे दर पावसाळ्यात पाणी. हिवाळ्यात-उन्हाळ्यात त्यावर हिरवं झाकण. खाली तेच पाणी.

हे कागद ट्रॅकच्या इंजिनिअरच्या तोंडावर फेकावेसे वाटतात. फेकणार नाही. क्लिप लावून देईन.

२ नोव्हेंबर

पहिली सुनावणी. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश आहेत, कमी बोलतात, त्या मला आवडल्या. इंजिनिअर नको तितकं बोलतो. म्हणाला, “मॅडम, आम्ही नकाशा बघून काम करतो. आता तेच ऑफिस म्हणतंय नकाशा चुकला. उद्या म्हणतील डोंगर चुकला.”

इस्त्री शांतपणे म्हणाले, “डोंगर आम्ही मोजत नाही. पाण्यात चुकलो. चूक माझ्या नियमाची आहे, तो मी बदललाय.”

मला वाटलं होतं ते माझं नाव घेतील. घेतलं नाही. नियमाची चूक स्वतःवर घेऊन मोठेपणा तेवढा मिळवला.

अध्यक्षबाईंनी विचारलं, तुमचं म्हणणं थोडक्यात सांगा. इस्त्रींनी माझ्याच टिपणातलं वाक्य वाचलं: जलपर्णीच्या आच्छादनामुळे मयत व्यक्तीस पाणी हे हिरवळ वाटले. बाईंनी लिहून घेतलं. पुढची तारीख वीस.

वहिनी आली नाही. म्हणाली, अंग दुखतंय.

९ नोव्हेंबर

आज जे सापडलं ते लिहिताना हात आवरत नाही.

दादा गेला त्या दिवशी उपग्रह आमच्या डोक्यावरूनच गेला होता. त्याच सकाळी! फोटोत एकसष्ट टक्के ढग. जुन्या नियमानं सरळ बाद. मी उघडला. सगळीकडे कापूस पिंजल्यासारखं, आणि मधे एक भोक. भोकात ट्रॅकचं वळण, काठ आणि ती जागा. सावली नाही, तीनदा तपासलं. पाणी! उघडं, लख्ख पाणी, जलपर्णीचं एक पान नाही, कारण आदल्या आठवड्यातल्या पावसानं सगळी धुऊन नेलेली.

आता बोल म्हणावं इंजिनिअरला. त्याच दिवशी, त्याच जागी पाणी! यापुढे कुठला पुरावा हवा?

छापून घेतला. तशीच वहिनीकडे गेले. टेबलावर पसरला, बोट ठेवून दाखवलं.

तिनं चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. “हिरवं कुठाय यात?”

“वाहून गेलं. पावसाळ्यात जातंच. तेच तर सिद्ध केलं मी.”

“म्हणजे पाणी दिसत होतं.”

“स्पष्ट! आकाशातून दिसतंय वहिनी, तर—”

“हं,” म्हणाली. कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली. “चहा टाकते.”

गॅसपाशी जाऊन उभी राहिली. पातेल्यात पाणी घातलं, पण गॅस पेटवलाच नाही. मी दोनदा सांगितलं, वहिनी, गॅस. ऐकू गेलं नाही. चहा न घेता निघाले. शाबासकी नको होती मला. पण महिनाभर डोळे फोडून घेतलेत, एक शब्द तरी? जिन्यातून उतरताना स्वतःशीच बडबडत होते, शेजारीण दार उघडून बघायला आली.

१० नोव्हेंबर

इस्त्रींना फोटो दिला. म्हटलं, वीस तारखेला हा सगळ्यात वर लावायचा.

त्यांनी बघितला. विचारलं, “ढग किती?”

“एकसष्ट टक्के.”

“मग राहू दे. नियमात बसत नाही.”

तो नियम त्यांनीच बदललाय! मी ओरडले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुमच्या या नियमानं माझ्या भावाला दोनदा मारलं, असं काहीतरी म्हणाले. काचेपलीकडे सगळं ऑफिस उभं राहिलेलं. जंगलवाली दारापर्यंत आली आणि परत गेली.

इस्त्री पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकले. शर्टाला चुणी पडली. म्हणाले, “बाई, समितीला आपण काय लिहून दिलंय? हिरवळ समजून पाय टाकला.”

“हो. मग?”

“मग हा फोटो घरी नेऊन एकदा सावकाश बघा. मी काही म्हणत नाही.”

मी फोटो ओढून घेतला. दार आपटलं. दाराला दट्ट्या आहे, ते आपटत नाही, हळूच मिटतं. त्याचाही राग आला.

११ नोव्हेंबर

बघितला.

१७ नोव्हेंबर

रजा काढली होती. घर आवरलं. दादानं ऑगस्टच्या शेवटी शिडी परत आणून दिली होती, ती बाल्कनीत तशीच आहे. सात-आठ वर्षांपूर्वी नेलेली. मी गमतीनं म्हटलं होतं, आज सूर्य कुठे उगवला? तो म्हणाला, “लोकांच्या वस्तू लोकांना दिलेल्या बऱ्या, मौनीबाबा.” चहा प्यायला, माझ्या कुलपाला तेल घालून दिलं आणि गेला. जाताना पायऱ्यांवर थांबला होता जरा. मला वाटलं, गुडघा.

मी काही विचारलं नाही. मी विचारत नाहीच कोणाला काही.

वहिनीला सगळं माहीत आहे. मला वाटतं, पहिल्या दिवसापासून. आणि मी तिच्या टेबलावर तो कागद पसरून बोट ठेवून दाखवलं.

२० नोव्हेंबर

सुनावणी. आज वहिनी आली. माझ्या डाव्या बाजूला बसली. उजवीकडे इस्त्री.

पस्तीस वर्षांचे फोटो एकामागून एक पडद्यावर दाखवले. ती जागा निळी होत होती, हिरवी होत होती, परत निळी. अध्यक्षबाई इंजिनिअरला म्हणाल्या, “हे पाणीच आहे. इथे कठडा हवा होता.” तो म्हणाला, “आता दिसतंय मॅडम, तेव्हा कुठे दिसत होतं?”

मग बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, “घटनेच्या दिवसाचा फोटो आहे का?”

मी समोरच्या कागदांची क्लिप काढली, परत लावली. म्हटलं, “त्या दिवशी ढग होते.”

हे खोटं नाही. एकसष्ट टक्के होते.

इंजिनिअर लगेच पुढे झाला. “ढगांच्या फटीतून बघता येतं असं आत्ताच सांगितलं ना यांनी? मग त्या दिवशी फट नव्हती का?”

वहिनीनं टेबलाखाली माझं मनगट धरलं. घट्ट, बांगडी रुतेल इतकं. मी तोंड उघडलं होतं, काय बोलणार होते मला माहीत नाही.

इस्त्री म्हणाले, “नकाशात आम्ही पूर्ण झालेली वर्षंच धरतो. हे वर्ष संपलेलं नाही. नियम आहे.”

“पुन्हा नियम!” इंजिनिअर म्हणाला.

“हो,” इस्त्री म्हणाले, “माझाच आहे.” आणि कफ सारखा केला.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग वहिनीकडे. मग फाइल मिटली.

४ डिसेंबर

अंतिम अहवाल आला. “स्वेच्छेने” काढलं आहे. “आच्छादित पाण्याचा अंदाज न आल्याने अपघाती मृत्यू.” ट्रॅकला कठडा बांधायचा आदेश.

जिंकले. वहिनीनं विचारलेलं आता कळतं: पुढे काय?

वहिनीकडे गेले. तिनं अहवाल वाचला, कपाटात ठेवला. मग चहा केला, या वेळी गॅस पेटवला. कप पुढे सरकवत म्हणाली, “वन्सं, चष्मा बुटात होता ना ह्यांचा?”

“हो.”

“चष्म्याशिवाय ह्यांना हाताची बोटं दिसायची नाहीत. संध्याकाळ. त्यात ढग. नसेल दिसलं पाणी.”

मी कपाकडे बघत म्हटलं, “नसेलच दिसलं.”

“नाहीच दिसायचं,” ती म्हणाली. मग आम्ही दोघी नळाचं बोलत बसलो. अजून एकही गळत नाही.

१२ जानेवारी

वर्ष संपलं. नवा नकाशा आज पुरा केला. इस्त्रींनी दारात उभं राहून विचारलं, “तो एकसष्टवाला धरला का?”

“धरला.”

“बरं केलंत.”

नकाशाला तो लागतो. इतक्या फोटोंमध्ये एकानं रंग बदलत नाही, पण मोजणीत तो आहे. ती जागा आता फिकट निळी.

घरी येताना ट्रॅकवरून आले. कठडा झालाय, माझ्या कमरेपेक्षा वर. पलीकडे जलपर्णी, गच्च हिरवी. खरंच हिरवळ वाटते. मी कठडा दोन्ही हातांनी धरून हलवून बघितला. इंजिनिअरनं काम पक्कं केलंय. त्याच्यावरही राग धरता येत नाही आता. इस्त्रींवर नाही, वहिनीवर नाही, हवालदारांवरही नाही. त्यांनी खरंच हात लावला नव्हता. सगळ्यांवरचा राग गोळा होऊन एकाच जागी जातो, आणि तिथे कोणी नाही.

घरी आल्यावर दादाचे बूट बाहेर काढले. नाड्या तशाच आत खोचलेल्या होत्या, इतके दिवस मी त्यांना हात लावला नव्हता. बाहेर ओढल्या आणि बांधल्या. दात आवळून, दुहेरी गाठ मारली, दोन्ही बुटांना. वरून आणखी एक.

खाली बसून या सोडायच्या म्हटल्या असत्या तर वेळ लागला असता त्याला. तेवढ्यात फिरायला आलेलं कोणीतरी तिथून गेलं असतं.